पान सत्तेचाळीस

पद्मा,

सत्तेचाळिसावं पान मी वाचलं होतं.

वाचलं होतं, समजलं होतं, आणि खाली जी तारीख आहे त्याच तारखेला सही केली होती. चौकशीत मी जे सांगितलं ते खोटं होतं. एवढं एक वाक्य तुझ्यासमोर बसून म्हणायला मला अडीच वर्षं मिळाली. त्या अडीच वर्षांत चार वेळा तुझ्या घरी आलो, चार वेळा तू चहा पुढे केलास, आणि चारही वेळा कप खाली ठेवून मी उठलो. तुझा दहावा झाला, त्यालाही आता दोन आठवडे होतील, आणि आज मी लिहायला बसलोय. असला शूर गडी.

दहाव्याला लोक तुझ्याबद्दल बोलत होते. एक गृहस्थ म्हणाले, "बाई स्वभावानं फार शांत होत्या." तुझ्या व्यंकटेशनं माझ्याकडे बघितलं. बायकोच्या दहाव्याला नवऱ्याला हसू दाबावं लागतं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. शांत! मालकांच्या पाहुण्यानं शेडमध्ये मोबाइल काढला तर तो त्याच्या हातातून घेऊन माठाच्या झाकणावर ठेवणारी, आणि "जाताना न्या, पाणी पण प्या" म्हणणारी बाई शांत!

तुला आठवायचं तर कारखान्यातच आठवायला हवं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली ती पत्र्याची शेड, एप्रिलमध्ये आत भाकरी भाजून निघावी अशी. मिरची कांडपाची यंत्रं, पिठाच्या गिरण्या, शेवयांचे साचे. तू डिझाइन बघायचीस, मी उत्पादन. वीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर बसलो. त्या वीस वर्षांत मी जेवढं बोललो तेवढं तू एका जेवणाच्या सुट्टीत बोलायचीस. साधं असलं तर मराठीत, चिडलीस की तेलुगूत.

आणि मग एकदा पुण्याला जाऊन तू दोन दिवसांचं ते शिबिर करून आलीस. इंजिनिअरांनी आपले शोध कसे सांभाळावेत, त्यांची राखण कशी करावी, असलं काहीतरी. येताना पाच जाड बांधीव वह्याच घेऊन आलीस. पानांवर छापील आकडे. जेवणाचे डबे बाजूला सारून तू आम्हाला नियम वाचून दाखवलेस. पेन्सिल चालणार नाही. पान फाडायचं नाही, कोरं सोडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, चुकलेलं खालून वाचता आलं पाहिजे. ज्या दिवशी सुचलं त्याच दिवशी लिहायचं, ज्याचं सुचलं त्याचं नाव घालून लिहायचं.

"आणि खाली साक्षीदार," तू म्हणालीस. "ज्याला यंत्र कळतं, पण त्या शोधात ज्याचा हात नाही. त्यानं पान वाचायचं आणि लिहायचं, 'वाचले, समजले.' सही, तारीख. माने, हे तुझं काम."

"मीच का?"

"तू बोलत नाहीस म्हणून. काय बे मौनीबाबा, गुपित ठेवायला तुझ्याएवढं चांगलं कपाट आख्ख्या सोलापुरात नाही."

सगळे हसले, मीही हसलो. मग दर शनिवारी वही माझ्या टेबलावर यायची. खरं सांगतो, बरीच पानं मी वाचलीच नाहीत. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ, आणि शनिवारी मला डिस्पॅच असायचा. पाच पानं समोर, पाच सह्या. माझं खोटं पुढे खपलं ते याच अर्ध्या खऱ्याच्या जोरावर. पण त्या पानाची गोष्ट वेगळी होती, कारण त्या पानावर माझी आई होती.

शेंगाचटणीचं यंत्र कुणालाच जमत नव्हतं. मिरची कोरडी, ती लोखंडी मुसळाखाली मुकाट भुगा होते. शेंगदाण्याला तेल सुटतं, मग सगळा गोळा मुसळाला आणि भांड्याच्या बुडाला चिकटून बसतो, आणि यंत्र त्याच गोळ्यावर आपटत राहतं. म्हणून बायका चालू यंत्रात हात घालून उलथण्यानं तो सोडवायच्या. आपल्याच यंत्रावर एका बाईची दोन बोटं गेली होती. तू तिला बघायला गेलीस आणि आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलली नाहीस, वीस वर्षांत फक्त तेव्हाच. मिक्सरवर वाटलेल्या चटणीला तू चटणी म्हणायला तयार नव्हतीस. "तो भुसा आहे. चटणी कांडावी लागते, तिचं तेल तिच्यातच मुरावं लागतं." वर्षभर तू निरनिराळी मुसळं पाडून बघितलीस. कारखान्यातला प्रत्येक माणूस वर्षभर चटणी-भाकरीवर होता. फिटर इमामभाई म्हणायचा, "मॅडम, अब तो सपने में भी दाना दिखता."

मग मीच म्हणालो, जेऊरला चल, आई अजून उखळात कांडते. वीस वर्षांत मी तुला आपणहून सुचवलेली ती एकच गोष्ट असेल.

स्टेशनवरून चालत घरी गेलो. आईनं तुला आधी जेवायला वाढलं, मग परसात उखळापाशी बसवलं. तू मोबाइलवर तिच्या हाताचं चित्रण करत होतीस, घड्याळ लावून ठोके मोजत होतीस. आई वैतागली.

"आगं पोरी, ठोकं काय मोजतीस? मनगाट बग की."

"काय बघू, आई?"

"उचलताना फिरवायचं. पडताना न्हाय. पडताना फिरवलं तर दाना पळतोय. उचलताना फिरवलं की चिकटल्यालं आपसूक सुटतंय, आन् पुढचा घाव दुसऱ्या जाग्यावर बसतोय. लई सोपं हाय. तुमी शिकल्याली मान्सं अवघड करता."

तू तशीच उखळापाशी बसून राहिलीस. मग माझ्या आईच्या मांडीवर डोकं टेकवलंस. आई मला म्हणाली, "हिला ऊन लागलं का रं?"

उचलताना फिरवायचं, पडताना नाही. आम्ही सगळे वर्षभर मुसळ पडताना काय होतं तेच बघत होतो. परतीच्या गाडीत तू तिकिटाच्या मागे खाच काढलीस. मुसळाच्या दांड्यावर स्क्रूसारखी तिरपी खाच. वर जाताना एक खिळा त्या खाचेतून सरकतो आणि मुसळाला पाव फेरा देतो. पण पडताना ते उलटं फिरू नये, हे अडत होतं. दुसऱ्या दिवशी इमामभाईनं ते चित्र उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाला, "सायकल का फ्रीव्हील डालो ना मॅडम. एक तरफ पकडता, एक तरफ छोडता. इसमें क्या है?" तू त्याला टाळी दिलीस.

त्या संध्याकाळी तू सत्तेचाळिसावं पान लिहिलंस. खाचेची आकृती, फ्रीव्हील, मापं. आणि वर स्वच्छ अक्षरात, त्या पानापुरतं तुझं अक्षर सुधारलं होतं: मूळ निरीक्षण, श्रीमती यमुनाबाई माने, जेऊर. फ्रीव्हीलची सूचना, इमामभाई, फिटर. खाच, तिचा कोन आणि जोडणी, पद्मा.

ते पान मी दोनदा वाचलं. आणि आपलं भांडण झालं. आठवतं? भांडण म्हणजे तू बोलत होतीस आणि मी नेहमीपेक्षा चार वाक्यं जास्त बोललो.

"आईचं नाव काढ," मी म्हणालो.

"का? लाज वाटली?"

"लाज नाही. उद्या पेटंटवाले म्हणतील, उखळ-मुसळ जुनंच आहे, म्हाताऱ्या बायका पहिल्यापासून असंच कांडतात. यात नवं काय? सगळा अर्ज पडेल. तू स्वतःच्या हातानं लिहून देतेयस त्यांना."

"मग काय लिहू? मला स्वप्नात दिसलं?"

"काहीच लिहू नको. पानावर गर्दी कशाला?"

तू पेन खाली ठेवलंस. "माने, ही वही पेटंटवाल्यांसाठी नाही बे. ही, काय झालं ते सांगण्यासाठी आहे. त्यातलं अर्धं सांगितलं की उरलेल्या अर्ध्यावर कोण विश्वास ठेवेल?"

मी तुझं म्हणणं मान्य केलं नाही. पण सही केली. वाचले, समजले. तारीख घातली. मला अजून आठवतं, तारखेवर शाई फुटली होती.

त्या वर्षी खंडेनवमीला यंत्र तयार होऊन कोपऱ्यात उभं होतं, अर्ज अजून गेला नव्हता. खंडेनवमीला आपल्याकडे कारखान्याची दारं सताड उघडी. गिऱ्हाइकं येणार, शेजारचे कारखानदार येणार, प्रत्येक यंत्रासमोर पेढा खात फोटो काढणार. तू घरून जाड सोलापुरी चादर आणलीस, यंत्रावर टाकलीस, चारी कोपरे बांधलेस आणि चादरीलाच हळदीकुंकू लावून माळ घातलीस.

थोरले मालक म्हणाले, "बाई, पूजा यंत्राची असते. चादरीची नाही."

"देवाला चादरीतून दिसतं, मालक. पाव्हण्यांना दिसायला नको. चार लोकांनी बघितलं की नवं नवं राहत नाही, मग अर्ज करून उपयोग काय? आधी अर्ज, मग आरती."

सगळी एमआयडीसी आठवडाभर हसत होती. चादरीची देवी म्हणायचे त्या यंत्राला. पण शेजारच्यानं ते यंत्र उचललं नाही, पद्मा. तू दारावर पहारा दिलास, भिंतीवर दिलास. घरातून कुणी उचलेल हे तुझ्या ध्यानात आलं नाही. ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकतो. त्याच्यापुढे माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही.

अर्जाचा मसुदा आला तेव्हा शोध लावणाऱ्याच्या जागी धाकट्या मालकांचं नाव होतं. बाहेर शिकून आलेले, नुकतेच कारखान्यात बसायला लागलेले. तू तडक त्यांच्या केबिनमध्ये गेलीस. यंत्राची मालकी कारखान्याची, हे तुला कबूलच होतं. नोकरीच्या करारात तसं होतं आणि त्यावर तू कधी वाद घातला नाहीस. "यंत्र तुमचं," तू म्हणालीस, "विका, जगभर विका. पण शोधलं कुणी या रकान्यात मालकी चालत नाही. तिथं जिनं शोधलं तिचं नाव लागतं." ते म्हणाले, कल्पना माझी होती, मी तोंडी सांगितली, बाईंनी फक्त ड्रॉइंग काढलं. आणि वही? वही मागाहून लिहिली असेल.

म्हणून चौकशी बसली. पुण्याहून एक सल्लागार आले. थोरले मालक, धाकटे मालक, तू आणि मी. इमामभाईला कुणी बोलावलंच नाही.

त्या सकाळी थोरल्या मालकांनी मला आत घेतलं होतं, हे तुला माहीत नाही. त्यांनी मला खोटं बोला असं सांगितलं नाही, ते तसे माणूस नव्हेत. वेलदोड्याची डबी पुढे केली आणि म्हणाले, "माने, बाई हुशार आहेत, पण कागदाचं भूत आहे त्यांच्या डोक्यात. तुम्ही कुठं सगळं वाचत बसता! तुम्ही कामाचा माणूस. वर्क्स मॅनेजर आता गावी जातोय, ती खुर्ची रिकामी ठेवून चालायचं नाही." झालं एवढंच. एक वाक्य त्यांनी माझ्या हातावर ठेवलं आणि मी ते तोंडात टाकलं.

सल्लागारांनी वही उघडून माझ्यासमोर सरकवली. "ही सही तुमची?"

"हो."

"हे पान तुम्ही त्या दिवशी वाचून, समजून घेऊन सही केलीत?"

तू माझ्याकडे बघत नव्हतीस. तू खिडकीबाहेर बघत होतीस. निर्धास्त. ते मला आठवत नसतं तर बरं झालं असतं.

"मी वाचत नसे," मी म्हणालो. "शनिवारी वही यायची, मी सह्या करायचो."

"मग तारीख?"

इथं थांबता आलं असतं. पहिलं वाक्य निदान इतर पानांपुरतं तरी खरं होतं. पण मी पुढे गेलो.

"त्या सांगतील ती तारीख घालायचो."

म्हणजे मी नुसता भित्रा साक्षीदार ठरलो असं नाही; मी तुला खोट्या तारखा घालणारी ठरवलं. ज्या बाईनं चुकलेला आकडासुद्धा वाचता येईल असा खोडला, तिला. सल्लागारांनी वही मिटली. अर्जात नाव धाकट्या मालकांचंच राहिलं.

गेटवर तू मला गाठलंस. मला वाटलं ओरडशील, मी तयारीत होतो. तू अगदी हळू विचारलंस, "माने, जे बोललास ते खरं की खोटं? एवढंच सांग. मला कुणाला सांगायचं नाहीये."

मी स्कूटरची किल्ली शोधत राहिलो. किल्ली हातातच होती.

तू महिन्याभरात कारखाना सोडलास. मला केबिन मिळाली. काचेची, आतून सगळी शेड दिसते. तिथून रोज चादरीची देवी दिसायची, आता एकीच्या दहा झालेल्या, रांगेनं रंगवून गावोगाव चाललेल्या. बायका लिहून कळवायच्या की आता हात घालावा लागत नाही. मी ती पत्रं फाइल करायचो. इमामभाई मला सलाम करायचा, पण अडीच वर्षांत एकदाही "साब, च्या पिते क्या?" म्हणाला नाही.

आणि तू काय केलंस? रडत बसशील अशी मला आशा होती. हो, आशाच, तू मोडून पडली असतीस तर मला तुझी कीव करता आली असती. तू दर रविवारी घरच्या पुढच्या खोलीत छोट्या कारागिरांना बोलवायला लागलीस. कुणी पापड लाटायचं यंत्र केलेलं, अकलूजकडचा कुणी लागणीसाठी उसाचे डोळे काढायची सुरी केलेला. त्यांना तू वह्या बांधून द्यायचीस. शेजारणींनी विचारलं, फुकट कशाला? तू म्हणालीस, "माझं गेलं ते मी लिहिलं नव्हतं म्हणून नाही गेलं. लिहिलं होतं. म्हणून तर अजून भांडता येतंय." हे व्यंकटेशनं मला आत्ता सांगितलं. माझ्यासमोर तू त्यातला चकार शब्दही काढला नाहीस. माझ्यासमोर तू माझ्या साखरेची चौकशी करायचीस. रक्तातल्या.

तुझ्या शेवटच्या आजारात दवाखान्यात आलो होतो तेव्हा मी ठरवूनच आलो होतो. वाक्य पाठ करून. तू उशीला टेकून बसलेली, हात काडीसारखे, आणि मला बघताच म्हणालीस, "स्प्रिंग बदला बे त्या चटणीच्या मशीनची. दोन सीझनमध्ये ढिली पडणार ती. धाकट्यांना सांग, जाड तार घ्या म्हणावं." ज्यांनी तुझं नाव पुसलं त्यांच्या यंत्राची स्प्रिंग! मी मान डोलावली.

"माने, काही म्हणायचंय का तुला?"

दुसऱ्यांदा विचारलंस तू. आणि मी काय म्हणालो?

"नारळपाणी पी."



दहाव्यानंतर मी थेट जेऊरला गेलो. आईला सगळं सांगितलं. आता तिला ऐकायला कमी येतं, म्हणून ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या चार घरांना माझा कबुलीजबाब ऐकू गेला असेल. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"त्या कागदावर माजं नाव हुतं?"

"होतं."

"आन् तू म्हन्लास, म्या वाचलंच न्हाय?"

"व्हय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं रडेल. "माज्या नावाचं सोड," ती म्हणाली. "मला काय त्याचं लोनचं घालायचंय? पर ती पोर माज्या मांडीवर डोस्कं ठिवून ग्येली हुती. सुदा, मग आता हितं काय करतूस? सोलापूरला जा की."

अर्ज अजून मंजूर झालेला नाही, पद्मा. तो प्रसिद्ध झालाय, तपासणीत आहे. तू रविवारी लोकांना सांगायचीस तेच मी आता शिकलो: मंजूर होईपर्यंत हरकत कुणीही घेऊ शकतं. कुणीही. तुझ्या वतीनं व्यंकटेशनं नावाचा दावा केलाय, हरकत मी घेतलीय, आणि सोबत माझं प्रतिज्ञापत्र. तुझ्या पाचही वह्या त्यानं जपून ठेवल्यात. तू नोकरी सोडताना कारखान्यानं त्या मागून घेतल्या नाहीत, कारण माझ्या साक्षीनंतर त्यांची रद्दी झाली होती.

वकीलबाई तरुण आहेत, तुला आवडल्या असत्या, भांडकुदळ आहेत. सगळं वाचून म्हणाल्या, "आईंचा उल्लेख गाळू या का? कांडण्याची रीत परंपरेतली आहे. पेटंट कचेरीनं तेच धरलं तर अख्खा अर्ज आडवा होईल. मग नाव नाही आणि काहीच नाही."

ऐकलंस? मी बरोबर होतो! त्या संध्याकाळी मी जे म्हणालो होतो तेच, शब्दाला शब्द. आपल्या भांडणात मी एकदा तरी बरोबर होतो आणि ते ऐकायला तू नाहीस, याचा मला राग येतो. खराखुरा राग. पण मी वकीलबाईंना म्हणालो, गाळायचं नाही. माझ्या अंगावर दोन खोट्या गोष्टी आहेत, तिसरी घेणार नाही. पान जसं आहे तसं जाईल. पडला अर्ज तर पडू दे. मग तो धाकट्यांच्या नावानंही उभा राहणार नाही. त्या हसल्या. "बरं. मग असं मांडू: मनगट आईंचं. ते लोखंडात उतरवलं पद्माबाईंनी. पहिलं जुनं आहे, दुसरं नवं आहे." अशी कुणी तुला वीस वर्षांपूर्वीच भेटायला हवी होती.

थोरल्या मालकांनी काल बोलावलं. आता वेलदोड्याची डबी पुढे आली नाही.

"माने, निवृत्तीला सहा वर्षं राहिली तुमची. ते कागद मागे घ्या."

"नाही."

"बाई तर गेल्या. आता त्या नावाचा उपयोग कुणाला?"

"मला," मी म्हणालो.

तुम्हाला नोकरीवरून काढतो म्हणाले नाहीत. उद्यापासून रजेवर जा म्हणाले. मी केबिनची किल्ली टेबलावर ठेवली. शेडमधून बाहेर पडताना इमामभाईनं लेथ बंद केला आणि हात पुसत समोर आला.

"साब, बहोत देर करे आप."

"हौ, इमामभाई."

"मैं बी देताऊं लिखके. मेरा बी नाम हय ना उस पान पे? मेरेकू तो तब पूछेच नै कोई."

मी त्याला म्हणालो, नोकरी जाईल. तो म्हणाला, सायकलची दुकानं काय कमी आहेत सोलापुरात? आज सकाळी वकीलबाईंकडे जाऊन सही करून आला. तिथून मला फोन करून अडीच वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, चाय पिलाओ.

तुझी माफी मी मागत नाही. तू दिली असतीस, नारळपाण्यासकट दिली असतीस, आणि तीच मला सोसली नसती. लोक मला म्हणतात, झालं गेलं, त्यांचा आत्मा शांत होऊ दे. होऊ नये. तुझा आत्मा शांत झाला तर तो तुझा नव्हेच. मीही आता शांत बसणार नाही. पन्नाशी उलटेपर्यंत गप्प बसलो, तेवढं पुष्कळ झालं. तू मला कपाट म्हणालीस, पण कपाटातून तुझंच सामान चोरीला गेलं आणि कपाटानं दारही वाजवलं नाही. गप्प बसणं हा माझा स्वभाव आहे असं मी आयुष्यभर सांगत आलो. तो माझा स्वभाव नव्हता. ती माझी सोय होती.

वकीलबाई तयारी करून घेतायत. त्या म्हणाल्या, सुनावणीत समोरचा वकील तुम्हाला फाडून खाणार. तुमचा चौकशीतला जबाब वाचून दाखवणार, मग प्रतिज्ञापत्र वाचून दाखवणार, आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारणार, "माने, तुम्ही खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?" त्याला काय उत्तर द्यायचं ते आपण बसून ठरवू, म्हणाल्या.

ठरवायचं काय त्यात? पद्मा, हा प्रश्न मला कुणीतरी चारचौघांत विचारावा, याचीच मी आता वाट बघतोय.